वाचनालयाची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत असा निरोप आला, तेव्हा विषय मात्र माझ्यावरच सोपवलेला होता. गेले दीड वर्ष मी आठवड्यातून दोन दुपारी आपल्या वस्तीजवळच्या वाचनालयात जाते आहे. जिथे मन रमते त्याखेरीज दुसरे काही बोलायला मला जमत नाही, म्हणून वाचनालय हाच विषय घेतला. शिवाय त्यात एक कामही आहे. ते शेवटी सांगेन, म्हणजे कोणी आधीच उठून जाणार नाही.

आपण वाशिमच्या बायका. आपल्या गावाचे जुने नाव वत्सगुल्म, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण या गावात एक फार मोठे लग्न लागले होते, हे किती जणींना माहीत आहे? सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाचा कवी होऊन गेला. त्याने ‘काव्यमीमांसा’ नावाच्या आपल्या ग्रंथात एक कथा सांगितली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घरातून निघाला. त्याला परत आणायचे कसे? पार्वतीने त्याच्यासाठी एक वधू निर्माण केली, तिचे नाव साहित्यविद्या. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडली. ज्या ज्या देशात ती गेली तिथला पेहराव तिने केला आणि तिथल्या बायकांनी तो तिच्यावरून उचलला. (म्हणजे फॅशन ही गोष्ट काही आजची नव्हे.) काव्यपुरुष काही केल्या पुरता वळेना. अखेर दोघे विदर्भात आले, आणि इथे, वत्सगुल्म नगरात, त्यांचे लग्न लागले.

आता मला सांगा, काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न ज्या गावी लागले तिथल्या आपण. म्हणजे आपण दुहेरी वऱ्हाडी! वऱ्हाड प्रांतातल्या म्हणून, आणि त्या लग्नाचे वऱ्हाड म्हणूनही. आणि वऱ्हाडातल्या बायकांनीच मांडवात पाऊल ठेवायचे नाही, हे कसे काय चालावे?

ही कथा मला कोणी शिकवली नाही. मी वाचनालयात गेले होते ती उन्हाळी वाळवणांचे एक जुने पुस्तक शोधायला. ते कोणीतरी नेलेले होते. शेजारच्या फडताळात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे वाकाटक राजांवरचे पुस्तक दिसले, ते सहज उघडले, आणि त्या दिवशीची दुपार तिथेच गेली. १९३९ साली आपल्याच वाशिमात विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट सापडला. त्यातला वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा व्यवहार प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीला जवळच्या भाषेत. मला याचे फार हसू आले, कारण आजही तसेच आहे. मानपत्रातली भाषा वेगळी आणि सातबाऱ्याची गोष्ट निघाली की बोली वेगळी. याच घराण्यातल्या सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य लिहिले होते. मोठमोठ्या पंडितांनी ते नावाजले, त्यातले तुकडे आपल्या ग्रंथांतून घेतले. आज तेवढे तुकडेच उरले आहेत. पुरे काव्य कुठेच नाही. राजाचे पुस्तक, पण कोणाच्या कपाटात जपले गेले नाही आणि नाहीसे झाले.

याच्या उलट आपल्या जिल्ह्यातल्या कारंज्याचे पाहा. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षे हस्तलिखिते बासनात बांधून ठेवलेली होती. कोणी वाचत असो वा नसो, ती जपली गेली. १९२६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी यादी रायबहादूर हिरालाल यांनी छापली, तिच्यामुळे कारंज्याचे हे धन विद्वानांच्या नजरेस आले. पुढे अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी त्यांतले ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. (नावे सारखी असली तरी हे दोघे निराळे.) पुष्पदंत कवीचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली छापून निघाले. हे काव्य अपभ्रंश भाषेत आहे. प्राकृतातून आपल्या आजच्या भाषा कशा झाल्या त्याचा मधला दुवा म्हणजे अपभ्रंश. तो दुवा हाती यायला जी भांडारे कारणी लागली त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या एका गावची भांडारे आहेत.

आणि बायकांनो, इथे आपलाही हात आहे बरे का. जैन परंपरेत शास्त्रदान हे मोठे पुण्य मानतात. अनेक जैन हस्तलिखितांच्या शेवटी मजकूर असतो, की अमुक बाईने आपल्या व्रताच्या उद्यापनानिमित्त ही पोथी लिहवून दान दिली. कर्नाटकात दहाव्या शतकात अत्तिमब्बे नावाची बाई होऊन गेली. तिने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या, असे सांगतात. छापखाना नव्हता, एकेक प्रत हाताने उतरवायची. आपण संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटतो. मी डब्यांची निंदा करत नाही, माझ्याकडेही आहेत. पण अत्तिमब्बेचे वाण माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्या शेजारच्या बुलढाण्याची एक गोष्ट. ताराबाई शिंदे तिथल्या. त्यांचे वडील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून पुण्यास छापवले. प्रती काढल्या ५००. बायकांनाच सारे दोष का देता, पुरुषांचे काय, असा रोखठोक सवाल वऱ्हाडातल्या एका बाईने त्या काळी केला. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. मग ते पुस्तक असे विस्मरणात गेले की जणू नव्हतेच. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे महाराष्ट्राला कळले की आपल्याकडे असे काही लिहिले गेले होते. त्र्याण्णव वर्षे लागली! पाचशेंपैकी एखादी प्रत कोठेतरी टिकली म्हणून हे घडले. रंगनाथन या ग्रंथालयशास्त्राच्या थोर पंडितांनी १९३१ साली पाच सूत्रे सांगितली आहेत. त्यांतले एक असे की, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मी हे सूत्र वाचले तेव्हा मला एकदम उपवर मुलींच्या आयांची आठवण झाली. वाचनालयाच्या कपाटात किती पुस्तके अशी स्थळाची वाट पाहत बसलेली असतात!

इतका वेळ मी मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या. पण मी तिथे जाते ती काही अपभ्रंशासाठी नाही. मी जाते सुखासाठी, आणि ते सुख कसले ते आता सांगते.

माझे लहानपण वाचनालयाच्या शेजारीच गेले. मग लग्न झाले, यजमानांच्या बदल्या, आज या तालुक्याला तर उद्या त्या. काही गावी वाचनालय होते, काही गावी नावापुरते, आणि एका गावी असे होते की बाईमाणूस आत आले की वर्तमानपत्रे वाचणारी सगळी डोकी वर व्हायची. दीड वर्षापूर्वी नातीला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी जागा पाहायची म्हणून तिच्याबरोबर इथल्या वाचनालयात गेले. ती अर्ज भरत बसली. मला बाकावर बसून कंटाळा आला, म्हणून देवघेवीच्या टेबलापलीकडे कपाटे दिसत होती तिकडे गेले. ग्रंथपाल म्हणाले, “आजी, बघा खुशाल.” ‘बघा खुशाल’ असे बाईमाणसाला किती ठिकाणी म्हणतात, सांगा बरे? दुकानात बघितले तर घ्यावे लागते. पाहुण्याकडे बघितले तर चौकशी केल्यासारखे होते. इथे मात्र कोणी काही विचारत नाही, काही घेतलेच पाहिजे असे नाही, आणि घेतले तरी परत द्यायचे असल्याने घरात अडगळ होत नाही.

पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला असतो तो मी आधी बघते. एखाद्या कादंबरीवर तारखांची नुसती रांग लागलेली असते. पावसाळाभर ती या घरातून त्या घरात फिरत राहिलेली. मग मधेच बारा-पंधरा वर्षे काही नाही, आणि पुन्हा एक तारीख. कोणी नेले असेल इतक्या वर्षांनी? समासात पेन्सिलीच्या खुणा असतात. पुस्तकावर लिहू नये हा नियम मला मान्य आहे आणि मी तो पाळते. पण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’च्या आपल्या प्रतीत एका ठिकाणी कोणीतरी बारीक अक्षरात ‘अगदी खरे’ असे लिहून ठेवले आहे. ती ओळ कोणती ते मी सांगणार नाही. पुस्तक न्या आणि शोधा. लिहिणारी बाईच असली पाहिजे याबद्दल माझी खात्री आहे. ती आज हयात आहे की नाही, कोणत्या गल्लीतली, काही ठाऊक नाही. तरी तिची माझी ओळख झाली.

दिवाळी अंकांचे तर काय सांगावे! १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायला लागते. आता अंकांच्या किमती अशा झाल्या आहेत की दोन घेतले तरी घरचा हिशेब हलतो. वाचनालयात एकदा थोडीशी वर्गणी भरली की दिवाळीपासून पार उन्हाळ्यापर्यंत अंक वाचता येतात. आमच्या शेजारच्या वहिनी मला नेहमी विचारायच्या, “काहून जाता हो मावशी इतक्या उन्हातान्हात?” मागच्या हिवाळ्यात त्यांना एक अंक दिला. दुसऱ्या आठवड्यात त्याच दारात उभ्या, “चला, मीही येतो.” आता त्या माझ्यापेक्षा जास्त वाचतात, आणि पुस्तक परत करायला माझ्यापेक्षा जास्त उशीर करतात.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर सगळे मिळते. मिळते, खरे आहे. मीही त्यावर कीर्तने ऐकते आणि परदेशातल्या लेकीचे तोंड बघते. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण मोबाईलवर आपण जे मागतो ते मिळते, आणि एकदा लोणच्याची कृती पाहिली की तो आठ दिवस लोणचीच दाखवत बसतो. वाळवणाचे पुस्तक मागितले असता वाकाटक राजा हाती देणे त्याला साधत नाही.

आता थोडे वाचनालयाच्या प्रपंचाविषयी, कारण माझे काम तिथेच आहे. वऱ्हाडात वाचनालयांची परंपरा जुनी. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय १८६० सालचे आहे, आणि वाशिमात वाकाटक राजांच्या नावाने वाचनालय आहे हे तर आपल्याला भूषणच. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. सरकार अनुदान देते. पण बहुतेक वाचनालये चालवते ती गावातलीच एखादी संस्था. अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. पुस्तके किती, वाचक किती, वर्तमानपत्रे किती, सारे तपासले जाते. थोडक्यात, सरकारचा हात आहे पण संसार गावाने करायचा आहे. वाचक कमी झाले तर कागदावर ते दिसते, आणि पुढच्या गोष्टी आपोआप होतात.

आपल्या इथले वाचक कमी झालेत का? मुळीच नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत बसायला जागा नसते, पण ती सारी अभ्यासाची मुले. आपला जिल्हा १९९८ साली झाला, २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा म्हणजे काय ते पाहायचे असेल तर सकाळी सहाला अभ्यासिकेच्या दारात बघावे. शेतकऱ्यांची मुले-मुली, डब्यात भाकरी, हातात पोलीस भरतीची, तलाठ्याची, लोकसेवा आयोगाची पुस्तके. खेड्यातून येऊन खोली करून राहिलेल्या मुलींना तर दिवसभर बिनघोर बसायला दुसरी जागाच नाही. ती गर्दी बघून मला आनंदच होतो.

पण जागा तेवढीच. म्हणून आता असा विचार चालला आहे की महिला विभागाची तीन कपाटे मागच्या खोलीत हलवून तिथे आणखी टेबले टाकावीत. कार्यकारी मंडळाच्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांनी मला नोंदवही दाखवली. त्या विभागातून पुस्तके नेणाऱ्या आम्ही जेमतेम बोटांवर मोजण्याइतक्या. मागच्या खोलीत भिंतीला ओल आहे. एकदा का कपाटे तिकडे गेली की वाळवी आणि कसर यांचे साधेल. म्हणजे मुलींच्या टेबलांना विरोध करायचा, की आजींच्या पुस्तकांना ओलीत धाडायचे, असा पेच आहे.

मी काही दिवस यावर विचार केला. माझे मत असे झाले आहे की टेबले यावीत. ती मुले आपलीच आहेत. मात्र पुस्तके ओलीत जाऊ नयेत. ती आपल्याकडे यावीत.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातली नाही. बडोद्याला सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालये काढली. बायकांसाठी निराळा विभाग केला, आणि जिथे वाचनालय नाही अशा खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या. एक पेटी वाचून झाली की ती पुढच्या गावी, आणि तिच्या जागी दुसरी. अलीकडे २००९ पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणून असाच उपक्रम चालवला आहे. तिथल्या पेट्या पार परदेशातल्या मराठी घरांत पोचल्या. सातारा जिल्ह्यातल्या भिलार गावात २०१७ पासून लोकांनी आपल्या घरांतच पुस्तके ठेवली आहेत, आणि कोणीही यावे, बसावे, वाचावे. मग आपल्या मंडळाने चार पेट्या सांभाळायला काय हरकत आहे?

ग्रंथपालांशी मी बोलले आहे. त्यांची तयारी आहे, पण अट एक. पेटीतली पुस्तके सभासदांच्याच नावावर जातील. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ जणींनी वाचनालयाच्या सभासद व्हायला हवे. त्यामुळे त्यांच्या नोंदवहीत वाचक दिसतील, मुलींना टेबले मिळतील, आणि तीन कपाटांतली पुस्तके ओलीऐवजी आपल्या चार गल्ल्यांत राहतील. दर महिन्याला पेटी पुढच्या गल्लीत द्यायची. भिशी आपण इतकी वर्षे बिनचूक चालवली, एका पैशाचा घोळ नाही. पुस्तकांचे तेवढे जमणार नाही असे मला वाटत नाही.

काही जणी म्हणाल्या, आम्हाला भरभर वाचता येत नाही. त्यांच्यासाठी गुरुवारी भजनानंतर अर्धा तास मोठ्याने वाचायचे ठरवले आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हते हे आपल्याला माहीत आहेच. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्यांची गाणी उतरवून जपली म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. ऐकणाऱ्या बाईला कमी लेखू नये. वाचायला माझी नात येणार आहे. अभ्यासातून तेवढा वेळ काढते म्हणाली. सुरुवात ‘स्मृतिचित्रां’नी करू, कारण ते ऐकताना कोणालाही झोप येत नाही.

पहिली पेटी या महिन्याच्या शेवटी येईल. ती मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत ठेवायची आहे, पण खालच्या मजल्यावरचे आणि कोरडे घर हवे. ज्यांच्याकडे असे असेल त्यांनी मला आजच सांगावे. पेटीत घालायला कडुलिंबाचा वाळलेला पाला लागेल, तो मी आणते. ठळक अक्षरांची पुस्तके वेगळी काढायला सांगितली आहेत. सभासदत्वाचे अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहेत. फोटो आणि आधारकार्डाची झेरॉक्स लागते, अनामत एकदाच भरायची आणि ती परत मिळते. ज्यांना अर्ज भरायला अडचण वाटेल त्यांचे अर्ज चहा होईपर्यंत मी तिथे बसून भरून देईन.